नोकरी, व्यायाम आणि छंद

नोकरी, व्यायाम आणि छंद हे तीन शब्द एका दमात उच्चारले, की ऐकणारा पहिल्या शब्दाला मान डोलावतो, दुसऱ्याला सुस्कारा टाकतो आणि तिसऱ्याला हसतो. नोकरी पाहिजेच, तिच्यावर घर चालते. व्यायाम करावा हे पटते, पण वेळ कुठे आहे? आणि छंद? तो ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनी करावा, अशी आपली समजूत. ही समजूत आपल्याला महाग पडू लागली आहे. कशी, ते आज पाहावयाचे आहे.

मी नांदेडला एका कार्यालयात काम करतो. गाव लातूर जिल्ह्यातले, घर शेतकऱ्याचे. नांदेडच्या आणि लातूरच्या बँका, शाळा, दवाखाने, कचेऱ्या आणि शिकवणी वर्ग यांत माझ्यासारखी कितीतरी मुले-मुली आज कामाला आहेत. त्यांतील पुष्कळांच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारी ही पहिलीच पिढी. नोकरी कशी मिळवावी हे आम्हाला शिकविणारे खूप भेटले. नोकरी मिळाल्यावर शरीराचे आणि मनाचे काय करावयाचे, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. कारण आमच्या वडिलांना, आजोबांना तो प्रश्नच कधी पडला नव्हता.

तो का पडला नव्हता, हे आपल्या बोलीतला एकच शब्द सांगतो. तो शब्द म्हणजे आखाडा. पुण्या-कोल्हापूरकडच्या माणसाला हा शब्द ऐकला की कुस्तीचा हौदा आठवतो. आपल्याकडे नांदेड, परभणी, हिंगोलीच्या शिवारात मात्र शेतातल्या गोठ्याला, जनावरे आणि औतफाटा ठेवण्याच्या जागेलाही आखाडाच म्हणतात. काम करावयाची जागा आणि अंग कमवावयाची जागा यांना एकच नाव! जुन्या खेड्यातले जीवन असेच होते. वखर धरला, पाणी शेंदले, कडब्याच्या पेंढ्या वाहिल्या, की व्यायाम झाला. संध्याकाळी पारावर बसले, रात्री भजनाला टाळ धरला, की मन हलके झाले. काम, कष्ट आणि करमणूक ही तिन्ही एकाच दाव्याला बांधलेली होती. एकाला घेऊन निघाले की बाकीची दोन आपोआप मागे येत.

त्या जीवनात सगळे गोड होते, असे मुळीच नाही. उपास होते, कर्ज होते, कंबर मोडेपर्यंत राबणे होते. ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. आम्ही नोकरीसाठी शहरात आलो तेव्हा हे दावे सुटले. काम टेबलावर राहिले, कष्ट गावाकडे राहिले आणि करमणूक हातातल्या मोबाईलमध्ये जाऊन बसली. आता ही तिन्ही आपोआप एकत्र येत नाहीत. ती आपल्याच हाताने बांधावी लागतात.

न बांधली तर काय होते, ते आता पाहू.

आपण भाकरी खाल्ली, भात खाल्ला, की त्याची साखर होऊन ती रक्तात उतरते. ही साखर सर्वांत जास्त कोण घेतो? आपले स्नायू. त्यांतही मांड्या, कुल्ले आणि पोटऱ्या यांचे स्नायू मोठे, म्हणून त्यांची भूकही मोठी. ही साखर स्नायूंपर्यंत पोहोचविण्याचे काम इन्सुलिन नावाचा रस करतो. पण गंमत अशी, की स्नायू हालत असला म्हणजे तो इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो. आता माणूस सकाळी दहाला खुर्चीत बसला, दुपारी डबा खाऊन परत तेथेच बसला आणि संध्याकाळी मोटारसायकलवर बसून घरी आला, तर या मोठ्या स्नायूंना दिवसभर कामच नाही. साखर रक्तात रेंगाळते. इन्सुलिन अधिकाधिक लागते. काही वर्षांनी तेही पुरत नाही, आणि मग डॉक्टर कागदावर एक शब्द लिहितात : मधुमेह.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे होते. उंबरठ्यावर उभा असलेला माणूस मागे फिरू शकतो, ही यातील आशेची गोष्ट. चालणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि आहारात बेताने घेणे एवढ्यावर पुष्कळांना तेथूनच परतता येते.

आपण कुठे उभे आहोत हे घरच्या घरी थोडेफार कळते. शिंप्याकडे असतो तसला टेप घ्या. सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात. गावाकडे गेले की एखादे म्हातारे बाबा टेप न लावताच विचारतात, “कामून रं, पोट सुटाया लागलं?” आपण हसून वेळ मारून नेतो. परंतु बाबांचा प्रश्न डॉक्टरांच्या प्रश्नापेक्षा काही वेगळा नसतो.

कोणी म्हणेल, “हे सगळे नशिबाचे आहे. बसून काम करणारेही ऐंशी वर्षे जगतात.” एखाद-दुसरा जगतो, खरे आहे. म्हणूनच एका माणसाकडे पाहून चालत नाही, हजारो माणसांकडे पाहावे लागते. असे पाहण्याचे काम लंडनच्या जेरी मॉरिस या डॉक्टरांनी केले. तेथे दोन मजली बसगाड्या होत्या. ड्रायव्हर दिवसभर आपल्या जागेवर बसलेला, तर कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसातून पाचशेहून अधिक पायऱ्या चढणारा-उतरणारा. दोघे एकाच थरातले, एकाच बसवर काम करणारे. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सुमारे ३१ हजार कामगारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष मांडला, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झाला तरी तो तितका घातक नसतो. टपालखात्यातही तेच दिसले. पायी व सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन हे टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

यावर शंका निघाली. कदाचित मुळातच जाड असलेली माणसे ड्रायव्हर होत असतील! मॉरिस यांनी शंका झटकून टाकली नाही. त्यांनी काय केले? खात्याकडून मिळणाऱ्या गणवेशाच्या विजारींची मापे काढून पाहिली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. परंतु सारख्याच कमरेचे ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारी ठेवून पाहिले, तरीही कंडक्टरांचा धोका कमीच होता. शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे, की ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. प्रश्न विचारणे, शंका घेणे आणि साध्या विजारीच्या मापातून तिचे उत्तर काढणे, यालाच विज्ञान म्हणतात.

आता आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढे आहे. सगळ्यांना काही कंडक्टर होता येत नाही. मग खुर्चीवर बसणाऱ्याने करावे काय? मॉरिस यांनी पुढे टेबलावर काम करणारे सुमारे १७ हजार सरकारी नोकर निवडले. सोमवारी सकाळी त्यांच्याकडून लिहून घेतले, की गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी तुम्ही काय काय केलेत? मग काही वर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले. १९७३ साली जे उत्तर आले ते असे, की फावल्या वेळात जे दमदार हालचाल करीत, म्हणजे पोहत, बागेत माती खणीत, भराभर चालत, त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक तृतीयांश होता. नोकरी सगळ्यांची सारखीच, खुर्चीची. फरक पडला तो सुट्टीच्या वेळेने. मॉरिस स्वतः १९१० साली जन्मले आणि २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

या ठिकाणी शेतात राबणारे माझे श्रोते म्हणतील, “आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला सांगता?” त्यांचे म्हणणे रास्त आहे. दिवसभर ऊसतोड करणाऱ्याला किंवा हमालाला व्यायामाचा उपदेश करणे म्हणजे थट्टाच. त्याला विश्रांती हवी, चांगले अन्न हवे, ओझे उचलताना पाठ सांभाळावयास हवी. परंतु आता गावातही ट्रॅक्टर आला, सोयाबीनची रास यंत्र करू लागले, शेतापर्यंत मोटारसायकल जाऊ लागली. जो शेतकरी दिवसाचा बराच वेळ गाडीवर आणि पारावर असतो, त्याचाही घेर एकदा मोजून पाहावा.

मग व्यायाम किती करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण सोपे आहे. मोठ्या माणसाने आठवड्यात मध्यम स्वरूपाची हालचाल १५० ते ३०० मिनिटे करावी, किंवा दमदार हालचाल ७५ ते १५० मिनिटे करावी. त्याखेरीज आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असे काही करावे. मध्यम म्हणजे काय? चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढा दम लागला म्हणजे ते मध्यम. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. तो अर्धा तासही एकदम मिळत नसेल, तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतील. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे पाय मोकळे करणे तर साखरेसाठी फारच गुणाचे.

याला पैसा लागत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजविले. त्याला सहा फूट जागा आणि एक सतरंजी पुरते. जोर आणि बैठका हा तर आपल्या तालमीचा जुना ठेवा. स्नायूंना जोर देण्याची दोन दिवसांची अट त्यात भागते. सुरुवात मात्र बेताची करावी. पहिल्या दिवशी पाच बैठका, आठवड्याने दहा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सूर्य वर येण्याच्या आत चालून यावे आणि पाणी पिऊन निघावे. ज्यांना छातीत दुखते, चालताना फार धाप लागते, चक्कर येते, किंवा ज्यांना आधीच रक्तदाब-मधुमेह आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि तरुणांना एक इशारा. व्यायामशाळेत कोणी लवकर दंड फुगविणारी इंजेक्शने किंवा गोळ्या देऊ लागला, तर तेथून चालते व्हावे. दंड फुगतात, पण हृदय आणि यकृत त्याची किंमत मोजतात.

लातूर जिल्ह्याला तर कसलेल्या शरीराचे नमुने लांब शोधावे लागत नाहीत. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल सामन्यांत कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांच्या बाजाराबरोबर कुस्त्यांचा फड असतो आणि हलगीच्या तालावर माणसे गोळा होतात. नांदेडला होळीच्या सुमारास हल्लाबोलची मिरवणूक निघते, तेव्हा शीख तरुणांचे गतक्याचे खेळ पाहावयास रस्ते भरून जातात. हे सगळे पाहून आपण टाळ्या वाजवितो आणि घरी येऊन बसतो.

पण तालमीकडून शिकावयाची गोष्ट नुसते डावपेच नव्हेत. तालमीत जाणारा पोरगा पहाटे का उठतो? त्याची इच्छाशक्ती फार मोठी असते म्हणून नव्हे. एक, वेळ ठरलेली असते. दोन, बरोबरचे चार जण वाट पाहत असतात. आणि तीन, न गेल्यास वस्ताद विचारतात. ठरलेली वेळ, सोबत आणि विचारणारे माणूस, या तीन आधारांवर तालीम उभी असते. आपण नोकरदार मंडळी मात्र एकट्याने, मनाला येईल तेव्हा, केवळ निश्चयाच्या बळावर व्यायाम करू पाहतो. चार दिवसांत निश्चय गळतो आणि आपण स्वतःला दोष देतो. दोष देण्यापेक्षा सोबती शोधावा. कचेरीतले दोघे, गल्लीतले दोघे मिळून रोज सहाला निघावयाचे आणि जो आला नाही त्याच्या दारात जाऊन हाक मारावयाची. एवढ्याने काम होते.

आमच्या भगिनींची अडचण यापेक्षा वेगळी आहे. परिचारिका, शिक्षिका, बँकेतल्या कारकून ताई संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांची दुसरी नोकरी सुरू होते. पहाटे डबा, रात्री भांडी. “चालायला जा” असे त्यांना सांगणे सोपे, पण तो अर्धा तास द्यावयाचा कोणी? तो घरातल्या पुरुषाने द्यावयाचा. कणीक मळल्याने किंवा भांडी विसळल्याने कुणाच्या पुरुषार्थाला बाध येत नाही. शिवाय एकट्या बाईने पहाटे बाहेर पडावयाचे म्हटले, की रस्त्याचा आणि लोकांच्या नजरेचा प्रश्न येतो. म्हणून शेजारच्या पाच-सहा जणींनी मिळून जावे. शाळेचे मैदान सकाळी तासभर त्यांच्यासाठी उघडे ठेवता आले, तर मुख्याध्यापकांचे ते मोठेच पुण्यकर्म होईल.

आता तिसऱ्या शब्दाकडे, म्हणजे छंदाकडे वळू. छंदाला वेळ लागतो आणि वेळ ही गोष्ट आपल्याला फुकट मिळालेली नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी मजूर उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. पुढे २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. म्हणजे रविवार आणि शनिवार कोणीतरी मागून, भांडून, ठरवून आपल्या पदरात घातले आहेत. तो वेळ मोबाईलवर बोट सरकवीत घालवावा, यासाठी लोखंडे झटले नव्हते.

करमणूक आणि छंद यांत फरक आहे. करमणुकीत दुसरा करतो आणि आपण पाहतो. छंदात आपण स्वतः करतो, आणि करता करता आपला हात किंवा आपली नजर सुधारते. चित्रपट पाहणे ही करमणूक; तबल्यावर ठेका धरावयास शिकणे हा छंद. करमणूक वाईट नाही. थकलेल्या माणसाला तीही हवी. परंतु दिवसभर साहेबाने सांगितलेले काम केल्यावर, जे कोणी सांगितलेले नाही आणि ज्याचा पगार मिळत नाही, असे काहीतरी आपल्या हातून व्हावे, ही मनाची गरज आहे. बदली झाली, बढती हुकली, साहेब रागावले, तरी ज्याच्याजवळ छंद आहे त्याच्याजवळ स्वतःची अशी एक जागा शिल्लक राहते. ज्याचे सारे मन नोकरीतच अडकलेले आहे, त्याला नोकरीतला एक वाईट दिवस म्हणजे आयुष्यातला वाईट दिवस वाटतो.

नांदेडचेच उदाहरण घ्या. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे नांदेडला आधी शाळेत शिक्षक होते, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. विषय मराठी. परंतु त्यांनी लिहिले ते भरताच्या नाट्यशास्त्रावर, मनुस्मृतीवर, इतिहासावर आणि राजकारणावरही. हे सारे वाचन अभ्यासक्रमासाठी नव्हते, आवडीपोटी होते. आणि त्या आवडीनेच त्यांची शिकवणी आणि व्याख्याने समृद्ध झाली. सगळे काही कुरुंदकर होणार नाहीत. पण तालुक्याच्या गावी वाचनालय असते, आणि महिन्याला एक पुस्तक कोणत्याही शिक्षकाला वाचता येते.

ज्याला पुस्तकाचा कंटाळा आहे, त्याने पायाचा छंद धरावा. त्यात व्यायाम आणि छंद पुन्हा एका दाव्याला बांधले जातात. लातूरहून औशाचा किल्ला वीसेक किलोमीटर. दोघे-तिघे सकाळी सायकलीने निघाले तर दुपारपर्यंत परत येतात. नांदेडकरांना कंधारचा किल्ला आहे, माहूरचा गड आहे, देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत. उदगीरला १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला नमविले. तो किल्ला आपण किती जणांनी पाय टेकवून पाहिला आहे? पाहावयास जाताना एक वही बरोबर न्यावी. दरवाजा कोणत्या दिशेला, पाणी कुठून आणले, शिलालेख कोणत्या लिपीत, हे टिपून ठेवावे. दहा रविवारांत वही भरते आणि माणूस आपल्याच जिल्ह्याचा जाणकार होतो. कोणी गोदावरीच्या काठाने किंवा विष्णुपुरीच्या जलाशयाकडे जाऊन पक्षी टिपावेत. कोणी परसात मेथी-कोथिंबीर लावावी. कोणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घ्याव्यात. मात्र लगेच “यातून पैसे किती मिळतील?” असे विचारू नये. पैशासाठी नोकरी आहे.

“हे सगळे खरे, पण वेळ?” असा प्रश्न शेवटी येतोच. तर हिशेबच करू. आठवड्याचे तास १६८. रोज ८ तास झोप धरली तर ५६ गेले, राहिले ११२. जाणे-येणे धरून रोज ९ तास, सहा दिवस नोकरी, म्हणजे ५४ गेले, राहिले ५८. आंघोळ, जेवण, घरकाम आणि बाजार यांना रोज ४ तास, म्हणजे २८ गेले, राहिले ३०. त्यातून व्यायामाचे अडीच तास काढले, तरी साडेसत्तावीस तास उरतात. त्यात मुलाबाळांचे, आईवडिलांचे, पाहुण्यारावळ्यांचे तास आहेतच. छंदाला त्यातले तीन तास मागितले तर फार होतील का? ज्यांची पाळीची नोकरी आहे किंवा घरी लहान मूल आहे, त्यांचा हिशेब वेगळा येईल. त्यांनी तो स्वतः मांडावा. पण मांडावा जरूर. हिशेब न मांडता “वेळ नाही” म्हणणे, हे खर्च न लिहिता “पैसे पुरत नाहीत” म्हणण्यासारखे आहे.

शेवटी शिक्षकबंधू आणि भगिनींशी दोन शब्द. लातूरच्या अभ्यासपद्धतीचा बोलबाला राज्यभर झाला आणि खेड्यापाड्यांतील मुलांना तिने डॉक्टर-इंजिनिअर होण्याची वाट दाखविली. त्याचे श्रेय मोठे आहे. परंतु पंधरा-सोळा वर्षांचे पोर सकाळपासून रात्रीपर्यंत बाकावर बसून असेल, तर खुर्चीची सवय त्याला नोकरीच्याही आधी लागते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी चांगली हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेळापत्रकातला खेळाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो. तेव्हा आपण मुलाला नकळत शिकवितो, की शरीर ही सवडीने पाहावयाची गोष्ट आहे. पुढे तीस वर्षे तो तेच पाळतो. गणिताला आणखी तास हवा असेल तर तो दुसरीकडून काढा. खेळाच्या तासाला हात लावू नका. आणि वर्षातून एकदा प्रत्येक मुलाला विचारा, “तुला काय करावयास आवडते?” चित्र, बासरी, पतंग, माती, काहीही सांगू द्या. उत्तर सुचत नसेल तर चार गोष्टी करून पाहू द्या. नोकरी पुढे मिळेल, बदलेल, संपेलही. ही आवड त्याच्या शेवटपर्यंत बरोबर राहील.

या आठवड्यात एवढेच करा. एकदा घेर मोजा, एक सोबती शोधा, चालण्याची एक वेळ ठरवा आणि रविवारचे तीन तास स्वतःच्या आवडीसाठी वेगळे काढून ठेवा. महिनाभर हे पाळले, तर पुढचे कोणी सांगावे लागणार नाही.